खेकड्याची मोटर

माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. वर्षातून एकदा घरी यायचा आणि येताना नको त्या वस्तू घेऊन यायचा. मला सेंट, बाबांना दाढीचा फेस. बाबा आयुष्यभर साध्या साबणाने दाढी करत आले. त्या वर्षी होळीच्या सुमारास आला तेव्हा त्याने बाबांपुढे बुटांचा एक खोका ठेवला. आत खेळण्यातलं एक मोडकं विजेचं इंजिन, सुटी चाकं, पितळेचे पातळ पत्रे आणि चित्रं काढलेला कागद होता. कागदावरची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.

"जुन्या बाजारात मिळालं," भाऊ म्हणाला. "हे पत्र्यांचं किट वरून चढवलं की एका इंजिनाचं दुसरं इंजिन होतं म्हणे. बाबा, थोडं कापाकापी केलीत ना, तर तुमचा खेकडा होईल बघा."

खेकडा म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन. मधे केबिन, पुढेमागे दोन लांब नाकं. उभं असलं की कण्हल्यासारखा आवाज काढायचं. त्याचं कागदोपत्री नाव काहीतरी वेगळं होतं, पण चालवणारे त्याला खेकडाच म्हणत. बाबांनी नोकरीतली सगळी उमेदीची वर्षं त्या केबिनमध्ये काढली. मग घाटात अपघात झाला, आणि मुदतीच्या आधीच नोकरी सोडून ते आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत येऊन बसले ते बसलेच. आई तोवर गेली होती. आठ वर्षं त्यांच्या तोंडून जेवणखाणापलीकडे फारसा शब्द निघाला नव्हता. म्हणून त्यांनी खोक्यातलं एक चाक उचलून डोळ्यांजवळ धरलं, "नाक लांब आहे ह्याचं, कापावं लागेल," असं म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आमच्या बाबांना आवाज आहे हे मी विसरत चालले होते.

अपघाताची हकिगत सगळ्यांना माहीत होती तेवढीच मलाही होती. उताराला मालगाडीचा ब्रेक धरला नाही. गाडी कॅच सायडिंगमध्ये शिरली, म्हणजे सुटलेल्या गाडीला अडवायला बाजूला चढावर नेऊन वाळूत संपवलेला जो फाटा असतो, त्यात. वाळूत जाऊन थांबली. बाबांच्या कपाळाला नुसतं टेंगूळ आलं. त्यांच्या असिस्टंटने मात्र आधीच उडी मारली होती, तो खडीवर डोकं आपटून जागीच गेला. बसून राहिला असता तर वाचला असता, असं जो तो म्हणे. चौकशीतही दोष ब्रेकवर गेला. त्याची बायको भांडुपला राहायची, मालवणकडची. त्या वर्षापासून बाबा दर भाऊबीजेला तिच्याकडे ओवाळून घ्यायला जात. ती त्यांना दादा म्हणे, आणि मी तिला आत्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात वाइंडिंगला होते. लांब टेबलाला आम्ही बारा बायका बसायचो आणि दिवसभर छोट्या मोटरींच्या गाभ्यांवर तांब्याची तार गुंडाळायचो. तार केसाएवढी बारीक. शिंक आली तर तुटायची. त्यामुळे खोक्यातल्या इंजिनाची मेलेली मोटर माझ्या वाट्याला आली आणि बाकीचं सगळं बाबांच्या.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की पाट मांडून आम्ही बसायचो. किट मुळात दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनासाठी होतं. बाबा कागदाकडे ढुंकूनही बघत नसत. "इथे वाळूचा डबा. इथे पायरी. हा दिवा एवढा वर नसतो, कुठल्या गाढवाने काढलाय?" सगळी मापं त्यांच्या डोक्यात होती. बफरसाठी माझ्या पोलक्याची टिचबटणं गेली. चाकांना जोडणारे दांडे सायकलच्या तारा ठोकून केले, आणि वरचा वीज घेणारा सांगाडा मोडक्या छत्रीच्या काड्यांचा. डाख लावताना बाबांचा हात थरथरे, मग ते स्वतःवरच खेकसत, "धर नीट, म्हाताऱ्या." मला हसू यायचं. इतकी वर्षं नुसती भांडी घासल्यासारखे दिवस काढले होते मी त्या घरात. मोटर मी घरीच भरली, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळली, आणि रुळांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर सुपरवायझरला विचारून जेवणाच्या सुट्टीत भरला.

रूळ मांडायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, गोल मांडू. बाबा भडकले. "गोल फिरायला ही काय जत्रा आहे?" त्यांना उतार हवा होता. आठ फुटी फळी आणली, एका टोकाला विटा लावल्या. उताराच्या मध्यावर थांबण्याची पाटी, पाटीपुढे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, सांध्यापासून बाजूला चढत जाणारा फाटा, आणि फाट्याच्या टोकाला ट्रे. समोर इमारतीचं काम चालू होतं तिथून त्यांनी वाटीभर वाळू आणली आणि चहाच्या गाळणीने चाळली. ते काय करतायत हे मला दिसत होतं. पण माणूस बोलायला लागलाय, नसत्या चौकशा कशाला करा, असं म्हणून मी गप्प राहिले.

नवरात्रात, एका रविवारी इंजिन पहिल्यांदा चाललं. बाबांनी ते वरून सोडलं, एका हाताने बटण फिरवत हळूहळू खाली आणलं आणि पाटीपाशी ठार उभं केलं. तोंडाने लांब शिट्टी दिली. दुसऱ्या हाताने सांधा मेन लाइनला लावला आणि इंजिन पुढे नेलं. "नियम असा आहे," ते म्हणाले. "सांधा कायम वाळूकडेच लावलेला असतो. घाट उतरणारी प्रत्येक गाडी इथे उभी राहिली पाहिजे. उभी राहिली म्हणजे गाडी ताब्यात आहे. मग शिट्टी, मग रुळाकडेच्या सिग्नल केबिनमधला केबिनवाला सांधा बदलणार."

मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी इंजिन उचलून परत वर ठेवलं.

ह्या खेपेला त्यांनी शिट्टी दिली ती इंजिन पाटीच्या बरंच अलीकडे असताना. सांध्याला हात लावला नाही. इंजिन पाटी ओलांडून फाट्यावर चढलं आणि वाळूत घुसलं.

"ब्रेकला काही झालं नव्हतं," बाबा म्हणाले.

मला काही कळेना. ते वाळूकडे बघत बोलत राहिले. "भरलेली मालगाडी उभी करायची, परत काढायची, वेळ जातो. केबिनवाला ओळखीचा होता. माझी शिट्टी ओळखायचा. मी लांबूनच द्यायचो, तो सांधा लावून ठेवायचा, मी न थांबता निघून जायचो. कित्येक वर्षं. आम्हाला त्याचा अभिमान होता गं. त्या दिवशी सिग्नल केबिनमध्ये नवा माणूस होता. त्याने नियम पाळला."

"आणि असिस्टंट?"

"तो म्हणाला, साहेब, सांधा लागला नाही. मी म्हटलं, लागेल रे. परत म्हणाला. मी म्हटलं, गप बस. मग मी ब्रेक ओढला, पण उशीर झाला होता. त्याला वाटलं गाडी सुटली. सुटलेल्या गाडीतून कोण उडी मारणार नाही? भित्रा नव्हता तो. चौकशीत मी सांगितलं, ब्रेक धरला नाही. मला खोटं पाडायला कोण होतं?"

तेवढ्यात जळक्या व्हार्निशचा वास आला. चाकांत वाळू अडकून इंजिन जागच्या जागी रुतलं होतं आणि बोलण्याच्या नादात बाबांचा हात बटणावर तसाच राहिला होता. मी धावत जाऊन प्लग उपटला. मोटर गेली होती.

बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट ते हलके झाल्यासारखे दिसत होते. "तू भरशीलच परत," ते म्हणाले. "ह्या भाऊबीजेला तिला इकडे बोलावतो. मला नुसतं बोलून सांगता यायचं नाही. घाट तिने पाहिलेला नाही. चालवून दाखवतो, म्हणजे तिला कळेल. नवऱ्याला नावं ठेवते ती अजून."

मोटर भरायला एक दुपार पुरली असती. सोमवारी मी स्टोअरमधून तारेचं रीळ मागून घेतलं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं. भरायचीच म्हणून घेतलं होतं, हे खोटं नाही. घरी आले तर बाबा आत्याला कार्ड लिहीत बसले होते. मान वर करून विचारलं, "तार आणलीस?"

"नाही मिळाली, बाबा. स्टोअरमध्ये संपलीय."

इतक्या सहज बोलले की माझी मलाच भीती वाटली. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. जुनं प्रकरण उकरलं जाईल. त्या ओळखीच्या केबिनवाल्यावर ठपका येईल. आत्याच्या जुन्या जखमेवरची खपली निघेल. सगळी कारणं दिसायला चांगली होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच की आमच्या बाबांना सगळे देवमाणूस म्हणायचे, आणि मला देवमाणसाचीच मुलगी राहायचं होतं. आत्या त्यांच्यावर ओरडतेय, हे मला डोळ्यांपुढेसुद्धा आणवत नव्हतं.

बाबा रोज संध्याकाळी विचारत. मी रोज नाही म्हणे. दसऱ्याला त्यांनी बंद इंजिनालाच झेंडूचं फूल वाहिलं.

भाऊबीजेला आत्या करंज्यांचा डबा घेऊन आली. उतारावर उभा असलेला खेकडा बघून हरखली. "दादा, हाताने केलात? कसलो देखणो झालोहा! चालवा ना."

"चालत नाही सध्या," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताट घ्यायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर आले तेव्हा ते पाटावर बसले होते आणि आत्या त्यांना ओवाळत होती. त्यांनी मान इतकी खाली घातली होती की तिला टिळा नीट लावता येईना. ओट्याखालच्या पिशवीत रीळ होतं. अजूनही दोन तासांत मोटर भरून झाली असती. मी वाटीत अक्षता घेऊन उभी राहिले.

त्या दिवसानंतर बाबांनी तारेबद्दल विचारणं सोडलं. माझी लबाडी त्यांना कळली होती का? लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात हवी ती तार हवी तेवढी मिळते, हे उभा जन्म विजेच्या इंजिनावर काढलेल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. स्वतः जाऊन आणू शकले असते. गेले नाहीत. माझ्या खोट्याच्या आडोशाला तेही लपले असतील, असं हल्ली माझ्या मनात येतं, आणि मग मला माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त राग येतो. ते पुन्हा पहिल्यासारखे गप्प झाले. पौषात एका सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि गेले.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. माझ्या गळ्यात पडून रडली, सख्ख्या बहिणीने रडावं तशी. मग डोळे पुसून भिंतीकडे बघत बसली. शेजाऱ्यांनी एन्लार्ज करून आणलेला बाबांचा फोटो तिथे टेकवून ठेवला होता.

"दादांचो आणखी एक फोटो आसा काय गो?" तिने विचारलं. "माका दी. घरात भिंतीर लावतंय."

"काकांच्या फोटोशेजारी?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"ह्यांचो लावूक नाय मी कधी." ती शांतपणे म्हणाली. "ट्रंकेत आसा. दादा गाडीत बसान रवले, आणि हे पळाले. पळालेल्या माणसाक भिंतीर कशाक लावायचो?"

सांगायला तेवढी वेळ पुष्कळ होती. घरात आम्ही दोघीच होतो. फळी अजून खिडकीखाली मांडलेली होती, हाताने ढकलूनसुद्धा तिला दाखवता आलं असतं. मी उठले, कपाट उघडलं, आणि बाबांचा त्यातल्या त्यात चांगला फोटो शोधून तिला दिला.