टाकी कायम रिझर्व्हवर

मेहुण्याने गाडी नेऊ नये म्हणून मी टाकी कायम रिकामी ठेवायचो, आणि त्यापायी गाडीचा पेट्रोलचा पंप जाळून बसलो.

लोणावळ्यात स्वतःची गाडी असणं म्हणजे पावसाळ्यात सासरच्यांची गाडी असणं. मेहुणा राहतो सोमाटण्याला. धबधबे सुरू झाले की त्याचा फोन ठरलेला. "दाजी, मित्रांना भुशी धरण दाखवून आणतो. गाडी नेऊ ना?" गाडी परत यायची ती चिखलाने माखून, ओल्या सीटवर कणसांचे केस चिकटवून. बायकोच्या भावाला तोंडावर नाही म्हणणारा जावई मावळात अजून जन्मायचा आहे. मग मी युक्ती काढली. तो आला की हसत किल्ली पुढे करायची. "ने की! फक्त पेट्रोल बघ हं, रिझर्व्हला आलीय." पेट्रोल भरणाऱ्यांतला तो नव्हेच. चडफडत लोकलने परत जायचा. युक्ती इतकी लागू पडली की टाकी भरणंच मी विसरलो.

ऑक्टोबरच्या उन्हात एका रविवारी जेवणं झाल्यावर बायको आणि मेहुण्याला घेऊन निघालो, आणि भुशीच्या चढावर गाडीने आचके दिले आणि मान टाकली. मागे पर्यटकांची रांग. हॉर्नचा असा कल्लोळ, की जणू वरात माझ्यासाठीच थांबलीय. जवळच्या औंढे गावचे एक आबा दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल कडेला घेऊन धक्का मारायला आले.

"पेट्रोल हाय का न्हाई त्यात?"

"आहे थोडं."

"थोडं म्हंजी किती?"

मी खिडकीतून हात घालून पेट्रोलचा काटा झाकला.

"दाजी, विकून टाका," मेहुणा म्हणाला. "सोमाटण्यात माझ्या ओळखीचा भंगारवाला आहे."

बायको गाडीतून उतरली, पदर खोचला आणि निकाल दिला. "पुढच्या रविवारी हाच चढ चढली तर ठेवू. नाही चढली तर त्या भंगारवाल्याला बोलवायचं."

"चढेल," मी म्हणालो. "आणि मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करीन. गॅरेजची पायरी चढणार नाही!" हे शेवटचं वाक्य कोणीही मागितलं नव्हतं.

गाडी दोरीने ओढून घरी आणली, बाटलीभर पेट्रोल ओतलं, तरी सुरू होईना. स्पेअर पार्टचं दुकान असलेला माझा एक मित्र आहे. शाळेपासूनचा. दर ईदला त्याच्याकडची बिर्याणी खाऊन त्याच्याशीच वाद घालायचा, अशी आमची रीत. तो छातीठोकपणे म्हणाला, "बॅटरी." बॅटरी बदलली. गाडी ढिम्म. "मग प्लग." प्लग बदलले. तरी ढिम्म. "मग तुझं नशीब, ते माझ्याकडे मिळत नाही."

आता मीच हट्टाला पेटलो. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून घूंऽ असा बारीक आवाज यायला हवा, एवढं मला ठाऊक होतं. पंप तिथेच, टाकीत बसलेला असतो. मी मागच्या सीटला कान लावून आडवा झालो आणि बायकोला किल्ली फिरवायला सांगितलं.

"आला का आवाज?"

"तुझ्या बांगड्यांचा आला."

"मग उठा आता. शेजारच्या काकू बघतायत."

उठलो नाही. गाडीखाली शिरलो आणि टाकीच्या बुडाला रबरी चपलेने दोन सणसणीत फटके मारले. "आता फिरव!" घूंऽऽ! गाडी सुरू झाली. काकूंनी टाळी वाजवली. फटका खाऊन जागा होतो म्हणजे पंपच दमलाय, हे पक्कं झालं. मित्राला फोन करून मी हे इतक्या वेळा ऐकवलं की त्याने नवा पंप स्वतः घरी आणून दिला.

बॅटरीची तार सोडवून सीट उचलली. खाली दाणे खाऊन टाकलेला कणसाचा एक वाळका बुरकुंडा, मेहुण्याचा कंगवा आणि ज्याच्या चोरीचा आळ तो वर्षभर माझ्यावर घेत होता तो गॉगल निघाला. झाकण उघडून पंप वर ओढला, तर त्याची जाळी गाळाने काळीकुट्ट. मित्राने ती नाकाजवळ नेली. "भाऊ, हा पेट्रोलात बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. तू याला कोरडा ठेवून राबवलास आणि वर तळाचा गाळ पाजलास. का रे?"

"मायलेज तपासत होतो," मी म्हणालो.

नवा पंप बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फक्त आत पेट्रोलचा असा भपकारा, की चहाचा गॅससुद्धा पेटवू नका, अशी ताकीद मी घरात दिली. शौर्याच्या भरात मी पंपाच्या झाकणाखालची जुनीच फुगलेली रबराची रिंग परत बसवली होती. पुन्हा सगळं उघडलं. नवी रिंग घातली. वास गेला. मित्र पायरीवर बसून शेंगा खात होता, त्याने मदत केली नाही आणि मी मागितलीही नाही.

रविवारी मी टाकी काठोकाठ भरली. इतकी वर्षं रिझर्व्हला टेकलेला तो काटा वर चढताना बघून मलाच परकं वाटलं. मेहुणा शेजारी बसला, बायको मागे. तोच चढ, तशीच रांग. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत वर गेली. वर पोचल्यावर मी उगाचच हॉर्न वाजवला.

"ठेवू," बायको म्हणाली. मी आरशात बघून मिशीवरून हात फिरवला.

मेहुणा खुशीत आला होता. "दाजी, एक नंबर झाली की गाडी! आणि टाकीपण फुल! मग शनिवारी नेतो ना, मित्र कधीचे मागे लागलेत." आणि त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

मी काट्याकडे बघितलं. तो काही माझ्या मदतीला येणार नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"मग पुढच्या शनिवारी?"

"तेव्हाही नाही. गाडी माझी आहे, आणि ती मी देणार नाही. हा घे तुझा गॉगल."

मी आरशात बघितलं. आता माहेरची बाजू कडाडणार!

बायकोने आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढं एक 'नाही' म्हणायला पंप जाळावा लागला तुम्हाला?"