अमेरिकेतल्या तीन बायका आणि सोजरबाई

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सध्या एकच विषय होता: अमेरिकेतल्या एका माणसाच्या तीन बायका. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथातून फुटून निघालेल्या घराची ती मालिका, हिंदीत डब केलेली. सिद्धेश्वरी मोबाइल डब्याला टेकवून उभा करायची आणि आठ-दहा जणी भाकरी मोडत माना पुढे काढायच्या. कुणी नवऱ्याला शिव्या घालायचं, कुणी धाकटीला. थोरलीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. स्वतः पसंत करून सवत आणणारी बाई ती. तिला अक्कलच नाही, असा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला.

सोजरबाई त्यांच्यातच बसायची आणि खाली मान घालून चटणी कालवायची. कारण तिनंही तेच केलं होतं. या बायकांना अमेरिकेपर्यंत जायचं कारणच नव्हतं, शेजारी बघितलं असतं तरी भागलं असतं.

लग्नाला आठ वर्षं होऊनही तिची कूस उजवेना, तेव्हा उजनीकाठच्या त्या गावात सासू दुसरी सून शोधायला लागली. परकी येऊन आपल्याला घराबाहेर काढील, त्यापेक्षा रक्ताची बरी, म्हणून सोजरबाईनं स्वतः माहेरी जाऊन धाकट्या बहिणीला, वैजयंतीला, मागणी घातली. नवऱ्यानं, म्हणजे महिपतीनं, नाही म्हणायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. पहिलं मूल थोरलीचं, असं ठरलं. बाराव्या दिवशी वैजयंतीनं पायलला बहिणीच्या ओटीत घातलं आणि जन्मदाखल्यावरही आई म्हणून सोजरबाईचंच नाव लागलं.

पुढं वैजयंतीला दोन मुलगे झाले. सोजरबाई पाच वर्षांच्या पायलला घेऊन शाळेच्या निमित्तानं सोलापुरात आली, बाळे भागात खोली घेऊन राहिली, ती राहिलीच. मुलगा हवा म्हणून तुझ्या आबांनी मावशीला आणलं, एवढंच तिनं पोरीला सांगितलं; वैजयंतीला पायल मावशीच म्हणायची. बाकीचं गावातल्या एकेकीपुढं हात जोडून झाकून ठेवलं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

पायल तेवीस वर्षांची झाली. मोडनिंबच्या अजिंक्यशी लग्न ठरलं. आणि हळदीला पंधरा दिवस असताना वैजयंतीचा फोन आला. ती रडली नाही की भांडली नाही.

"अक्का, पोरांच्या लग्नात मी हायच. पर लेक मला एकच. कन्यादानाला ह्यांच्या शेजारी मी बसणार. पायलला तू सांग, न्हायतर हळदीदिवशी मी सांगते."

पायलला हे कसं सांगावं, ते सोजरबाईला कळेना. शेवटी तिनं ती मालिका घरी लावली. त्यातली थोरलीही धाकटीचा मुलगा स्वतःचा म्हणून वाढवत होती. देवाला कौल लावावा तशी ही बाई रोज संध्याकाळी मोबाइल लावायची आणि पडद्याकडे न बघता पायलच्या तोंडाकडे बघायची. एकदा पायल थोरलीला 'बिचारी' म्हणाली. त्यावर सोजरबाईनं दोन दिवस काढले.

रविवारी मालिकेतल्या त्या मुलाला खरं कळलं. त्यानं दोघींना मिठी मारली, तिघं रडले. सोजरबाईही पदर तोंडाला लावून रडली. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात पायलनं मोबाइल पालथा घातला.

"असं कोण मिठी मारतंय व्हय? जिनं दिलं, तिचं एक वेळ समजून घीन मी. पर जिनं रोज जेवू घातलं आन रोज खोटं सांगितलं, तिला कशी मिठी मारायची?"

इथं शहाणी बाई गप्प बसली असती. पण हळद आठ दिवसांवर आली होती. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर आपली उरलीसुरली आशाही जाईल, या भीतीनं तिनं तोंड उघडलं.

"पायल, ती मीच," ती म्हणाली. "तुला वैजूनं जलम दिलाय."

पायल आधी हसली. मग आईच्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. कुणाकुणाला माहीत आहे, एवढंच तिनं विचारलं. सोजरबाईनं सांगितलं, सगळ्या गावाला. आत्याला, मामाला, दोन्ही भावांनाही. आणि अजिंक्यच्या घरी? मोडनिंबचे लोक चौकशीला गावात जाऊन आले होते.

"म्हंजी समद्यांनी बघितलंय," पायल म्हणाली. "मलाच तेवढं दावलं न्हाय."

सोजरबाईनं जमिनीवर बसून पदर पसरला. कन्यादानाला वैजूला बसू दे, मी पार मागं उभी राहते, मला काही नको, फक्त आई म्हणायचं सोडू नकोस, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पायलनं तिला दंडाला धरून उठवलं आणि खाटेवर बसवलं. तांब्यातलं पाणी दिलं. पेला रिकामा होईपर्यंत ती थांबली.

"कन्यादानाला मामा-मामी बसतील, मावशी. मामा तरी दोनीकडनं मामाच हाय."

वैजू आली की काय, म्हणून सोजरबाईनं दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.