न धरलेला दिवस

आमच्या जॉन्सनव्हिल उपनगरातले एक फार्मासिस्ट हिवाळ्यात रुआपेहूच्या बर्फाळ डोंगरावर स्कीइंगला जाताना मला गाडीतून नेत. हंगामातले दिवस मोजावेत की नाही, हा आमचा वाटेतला वाद. मोजू लागलो की आनंदाचाही गृहपाठ होतो, असे माझे, एका शिक्षकाचे, मत.

"मोजलं नाही की वाहून जातं, सर," ते म्हणत. डोंगरावर नेणाऱ्या खुर्ची-लिफ्टचे प्रत्येक दिवसाचे तिकीट ते जॅकेटच्या चेनला तसेच लटकत ठेवत. नियम एकच: स्कीवरून खाली उतरलो, तरच दिवस धरायचा.

कंपवाताचे निदान झाल्यावरही त्यांनी तिकीट काढले. वर पोहोचल्यावर पाय मात्र हलेनात. "नो वरीज, मेट," म्हणत लिफ्टवाल्याने त्यांना खुर्चीतूनच खाली पाठवले.

गाडीपाशी मी म्हणालो, "धरा हा दिवस. कोण विचारतंय?"

"मी विचारतो ना, सर. यंदा शून्य. यापुढेही शून्यच."

 ते बुटांचे बकल सोडू लागले, पण थरथरत्या बोटांना ते सुटेना. एरवी आपल्या सामानाला कुणाला हात लावू न देणाऱ्या त्या गृहस्थांनी पाय पुढे केला आणि ते दुसरीकडे पाहत बसले. मी बर्फात गुडघे टेकले.