बाबांनी न घेतलेला प्याला

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खिडकीच्या जाळीला खिळे ठोकत होतो. उरलेले दोन ठोकूनच निघालो. असं का केलं, ते अजून सांगता येत नाही. पाच आठवडे झाले... भेटायला येणारे म्हणतात, तुमचे वडील फार प्रेमळ होते, आणि मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. नुसतं प्रेमळ असणं बाबांना कधी जमलंच नाही.

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा प्रयोगशाळेतला गॅस माझ्याकडून चालू राहिला, आग लागली, एका मुलीचा हात भाजला. चौकशीत मी परिचर देवानंदचं नाव लिहून दिलं. त्याची नोकरी गेली. सहा महिने तळमळलो आणि शेवटी अमरावतीला येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला छातीशी धरलं, दोघंही रडलो. मग ते चपला घालू लागले.

“चाल, अकोल्याले.”

“माफ केलं ना तुमी? मंग काहून?”

“म्या केलं. देवानंदचं काय?”

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरून पळणार होतो. बाबांनी मनगट धरून ठेवलं. म्हणाले, “देवानं क्रूसावर नुसतं ‘जाऊ दे’ नाई म्हटलं. शिक्षा सोडली नाई, सोतावर घेतली. नुसता न्याय असता तर तू वाचला नसता. नुसतं प्रेम असतं तर देवानंदले कोणी इचारलं नसतं.” मला ते प्रवचन वाटलं. भयंकर राग आला, आणि तो पुरता गेलाय असं आजही म्हणवत नाही.

शाळेत मी चूक माझीच होती असं लिहून दिलं. देवानंद कामावर परतला, मी घरी बसलो. बाबा चर्चच्या पंचमंडळात होते. खोट्या साक्षीबद्दल मला वर्षभर प्रभुभोजनातून, ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायच्या भाकरी-प्याल्यातून, वगळल्याची सूचना त्यांनीच सर्वांसमोर वाचली. वाचून झाल्यावर पुढची आपली जागा सोडून ते मागच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. भाकर आली, प्याला आला, दोन्ही त्यांनी न घेता पुढे दिले. वर्षभर हेच. त्यांना तर कुणी वगळलं नव्हतं! पाद्रीसाहेबांनी समजावलं तर म्हणाले, “निकाल बरोबर हाय. पण पोरगा माहा हाय.”

पुढे दर नाताळात ते मला देवानंदकडे न्यायचे. सगळं बोलणं बाबाच करायचे, मी चहा संपवून मोकळा. माफी मी कधी तोंडाने मागितलीच नाही, बाबांच्या आडोशानं निभावून नेलं.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्याला हातात आला आणि मला घेववेना. पुढे दिला, आणि चर्च सुटल्यावर थेट अकोल्याची बस धरली. देवानंद बाबांच्या मातीला आला होता, तरी दार उघडल्यावर त्यानं सवयीनं माझ्यामागे पाहिलं.

“एकटेच आले, सर?”

“हो,” मी म्हटलं. “माफी मागाले आलो.”

तो दारातून बाजूला झाला.