राणी दिसली ती मावशीला

अन्याय माझ्या मावशीवर झालाय. कधी? यंदाच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराला, बसवकल्याणातल्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाची फीत कापली त्याच मिनिटाला.

मावशी रोजानं खुरपायला जाते. आषाढात हुलसूरजवळ सोयाबीन खुरपताना तिच्या खुरप्याला एक हिरवट चकती लागली. घरी आणून तिनं ती चिंच नि राख लावून घासली, तांब्या घासतात तशी. त्यावर चेहरा उमटला. दुसऱ्या दिवशी तिनं ती शेतमालकाला दिली. मालकानं इतिहासाच्या सरांना बोलावलं. मी तिथंच होतो.

सर म्हणाले, "जुनं नाणं आहे हे. त्यावर रोमचा राजा आहे."

मावशी वाकली. "अण्णा, मागं अंबाडा दिसायलाय की! राजा कामून अंबाडा घालील?"

मालक हसले. "तुला काय कळतंय? जा, खुरपं धर."

"खुरपं धरलं म्हणूनच घावलं न्हवं?"

सरांनी भिंग काढलं, मग जाडजूड पुस्तक. पानं उलटता उलटता त्यांचा आवाज बारीक झाला. सम्राटाची बायकोच निघाली! नाण्याच्या मागच्या बाजूला हातात कणसं घेतलेली बाई, त्यांची धान्याची देवी.

"देवी असून कणसं हिलाच उचलाय लावली?" मावशी म्हणाली. "म्हंजी तिथंबी मालक बसूनच असत्याल."

तेवढ्यात सरांना नाणं फारच चकचकीत दिसलं. "कुणी घासलं हे? इतक्या वर्षांचा थर घालवला!"

मावशीनं हात वर केला. खोटं बोलणं तिला येतच नाही.

प्रदर्शनात नाण्याखाली कार्ड लागलं: 'रोमन राणी व धान्यदेवता. कांस्य. शेतमालकांना सापडलेले. टीप: मजूर बाईने घासल्याने खराब.'

वा! सापडलं मालकाला, बिघडलं मावशीकडून. मालकाच्या हातात खुरपं मी जन्मात बघितलेलं नाही.

मी तडक पत्रक लिहायला बसलो. मावशीनं अडवलं. "घासलं ते खोडायला लावू नको. घासलंच हाय मी. पर घावलं कुणाला, ते त्याच्या वर लिहाय लाव."

संयोजकांना तीनदा भेटलो. तिन्ही वेळा एकच उत्तर: "आता कसं बदलणार? कार्ड लॅमिनेट झालंय."

म्हणजे दगडात कोरलेलं बदलेल, पण लॅमिनेट केलेलं नाही!

मावशीचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आधी कार्डावर आलं पाहिजे. नाणं अजून तिथंच आहे. तुम्ही जा, त्या काचेपुढं उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "हे कुणाला सापडलं?" नवं कार्ड लागेपर्यंत जागचे हलू नका.