इसाकभाईंनी न उघडलेला लॅपटॉप

इसाकभाई,

पत्र लिहावं इतके काही तुम्ही लांब गेलेले नाहीत. गेवराई म्हणजे दुबई नव्हे. पण फोनवर तुम्ही "हां मॅडम, बघतो" म्हणता आणि ठेवून देता. अर्धवट बोलणं मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. तुमचीच गोष्ट तुम्हाला काय सांगायची? पण हे मी छापायला देणार आहे, तेव्हा बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगावं लागेल.

परळीत स्टेशन रोडला इसाकभाईंचं दुकान होतं. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग लॅपटॉप. पाटी बदलत गेली, माणूस तोच. वीज केंद्राची राख आमच्या गावात सगळीकडे शिरते, लॅपटॉपच्या पोटातही. म्हणून ते मशीन हातात घेतलं की आधी रंगाच्या ब्रशने झाडायचे आणि झाडता झाडता गिऱ्हाइकाला झापायचे.

मीही झापून घेतलंय. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बहिणीकडे धर्मापुरीला राहायला गेले होते. परत येऊन लॅपटॉप लावला तर पडद्यावर हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या, आणि अर्धं चित्र थरथरतंय. नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"पार मरू दिली का बॅटरी?"

"मरू दिली म्हणजे काय? मी घरी नव्हते."

"झाकण मिटलं म्हंजे बंद होत न्हाई मॅडम ते. झोपतंय. झोपेतच उपाशी मेलं. आता उठताना नाटकं करणारच की."

"नवा पडदा घालावा लागेल का?"

"कावून एवढी घाई? पेपर तपासायचे हायत का आता?"

त्यांनी चार्जर काढला, बॅटरी काढली आणि चालू करायचं बटण बराच वेळ दाबून धरलं. आत अडकलेली वीज त्याने निघून जाते म्हणे. मग बॅटरी बसवली, चार्जरला लावली आणि पूर्ण भरेपर्यंत मला हात लावू दिला नाही. पट्ट्या गेल्या. गेल्या नसत्या तर पुढची पायरी ठरलेली होती, लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडून बघायचा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर दोष नुसता पडद्याचा. तिथंही पट्ट्या आल्या तर दोष आतला. "टीव्हीला लावलं की खरं-खोटं कळतं," असं ते प्रत्येकाला सांगायचे.

त्यांचा मुलगा साजिद लग्नांचं शूटिंग करायचा. परळीतल्या कितीतरी घरांत त्याने काढलेली लग्नं आहेत आणि एकाही लग्नात तो दिसत नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसणार कुठून? आवाजही नाही. "चाचा, इकडं बघा. नवरदेव, हसा की जरा, नवरी पळून चालली का?" हे सगळं तो नंतर कापायचा आणि वर गाणी घालायचा. न कापलेलं शूटिंग त्याच्या लॅपटॉपवर असायचं.

मागच्या वर्षी एका लग्नाहून मोटारसायकलवर परतताना तो ट्रकखाली सापडला. जागेवर गेला. खिशातल्या मोबाईलचाही चुरा झाला.

निघताना तो लॅपटॉप घरी चालू ठेवून गेला होता. जुनं सगळं शूटिंग एका जागेवरून उचलून दुसरीकडे जात होतं आणि बारीक बत्ती लुकलुकत होती. कुणीतरी तो बंद करायला गेलं, तर त्याची आई अजमतबी म्हणाल्या, "त्यानं लावलंय, त्याचा हात लागलाय. कुणी हात लावू नका." वर आपली ओढणी घातली. मयताच्या घरात आईचा शब्द कोण मोडणार? घर माणसांनी भरलं, उकाडा होता, कुणीतरी पंख्यासाठी चार्जरची पिन काढली. बत्ती ओढणीतून दिसत राहिली आणि मग दिसेनाशी झाली.

बॅटरी मरू देऊ नका म्हणून गावाला झापणारा माणूस त्याच खोलीत बसला होता. नंतर मला म्हणाले, "पिन काढली तवा बघितलं मी. पर पोरगं गेलंय आन मी बॅटरी बघू का?"

चाळिसावा दिवस झाल्यावर अजमतबींनी स्वतः चार्जर लावून लॅपटॉप उघडला. नुसत्या पट्ट्या. इसाकभाईंनी येऊन झाकण मिटलं.

मला हे कळलं तशी मी दुकानात गेले.

"बटण दाबून धरलंत?"

"न्हाई."

"टीव्हीला लावून बघितलंत?"

"न्हाई."

"मग दिवसभर करता काय?"

"दुसऱ्यांचे करतो."

"पडदा बिघडला म्हणून आतलं जात नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

ते ब्रश झटकत राहिले. मग म्हणाले, "पडद्याचं न्हाई हो. इकडचं उचलून तिकडं ठेवीत होतं ते, मधीच मेलं. काय ऱ्हायलं आन काय गेलं, कुणाला ठाव? आज ती म्हणती, पट्ट्यांमागं पोरगं हाय. मी पट्ट्या काढल्या आन मागं कायच न्हाई निघालं, तर तिला काय सांगू?"

मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाइकं असतात, घरी अजमतबी असतात. माझ्याकडे आणा. माझ्याकडे मोठा टीव्ही आहे आणि मी आहे. साजिदचा आवाज निघाला तर त्यांना बोलावून घेऊ. नाही निघाला तर तुमच्या-माझ्यापलीकडे जाणार नाही. ते शुक्रवारी येतो म्हणाले.

इसाकभाई, त्या शुक्रवारी नमाजानंतर तुम्ही आलात. नवी वायर आणली होती. टीव्ही पुढे ओढलात, मागची राख ब्रशने झाडलीत, "कवा पुसता का न्हाई हे?" म्हणून माझ्या कामवाल्या छबुबाईंना झापलंत आणि वायरचं एक टोक टीव्हीत बसवलंत. मी म्हटलं, लॅपटॉप कुठंय?

"अजमत उशाला घेऊन झोपलीय. डोक्याखालून कसा ओढू?" तुम्ही म्हणालात. "पुढच्या जुम्म्याला आणतो. वायर राहू द्या लावलेली."

पुढच्या जुम्म्याला अजमतबींना ताप होता. त्याच्या पुढच्याला तुमची आफ्रीन जावयाला घेऊन आली आणि तुम्हा दोघांनाही गेवराईला घेऊन गेली. लेक आहे, आईबापाला एकटं कसं ठेवील? टेम्पोत पुढच्या सीटवर अजमतबी बसल्या होत्या, मांडीवर ओढणीत गुंडाळलेला तो. मी खिडकीशी आले, पण त्यांच्यासमोर तुम्हाला काय विचारणार? तुम्ही म्हणालात, "येतो मॅडम."

आता तुमच्या जागेत मोबाईलची कव्हरं विकतात. तुमच्या वायरचं दुसरं टोक टीव्हीखाली लोंबतं आहे. केर काढताना छबुबाई विचारतात, हे काढू का. मी सांगते, राहू द्या, इसाकभाई लॅपटॉप घेऊन येणार आहेत.