पियानोच्या पोटातला वाळा

दीड महिन्यापूर्वी मुंबईहून पत्र आलं, मार्थाबाईंच्या धाकट्या बहिणीचं. ‘ताई गेली. तुम्ही तिला नगरपासून ओळखता, चार ओळी लिहा.’ ओळखतो म्हणजे काय! पियानोवादनात बाईंचं एवढं नाव झालं, त्यात माझा वाटा एकच... ते होण्याआधीच बुडवायला मी निघालो होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. नगरला मुलींच्या एका मिशन शाळेत मी मराठी शिकवायचो आणि मार्थाबाई गाणं. त्या नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या, भाताच्या मुलखातल्या. वडील डोंगरातल्या एका वाडीत पाळक. पेटीवर उपासनेची गाणी वाजवत वाढलेली ही मुलगी शाळेतल्या जुन्या पियानोवर एकदा बसली ती उठलीच नाही म्हणा. रोज शाळा सुटल्यावर चार-चार तास. नगरचा कोरडा उन्हाळा त्या पियानोला सोसत नसे. लाकूड आकसायचं, सूर उतरायचे. म्हणून बाई खालची फळी काढून आत अर्धं भांडं पाणी ठेवायच्या. वडील भेटायला आले तेव्हा ते बघून म्हणाले, “आगं पोरी, ह्याला पानी पाजतीस, मंग चारा कवा घालतीस?”

त्या एप्रिलात मुंबईच्या एक नावाजलेल्या पियानोवादक, इंग्रज बाई, मार्थाबाईंचं वादन ऐकायला येणार होत्या. पसंत पडलं तर आपल्याजवळ ठेवून शिकवणार, पुढे मैफली. नाही पडलं तर जन्मभर शाळेची प्रार्थना आणि वर्षाला एक गॅदरिंग. पाहुण्या दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या होत्या. मार्थाबाई दोन दिवस आधी वडिलांना आणायला गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, “मास्तर, भांड्यातलं पाणी तेवढं बघा.”

तेवढं! मी काय तेवढ्यावर थांबणारा? उकाडा मरणाचा. भांडं काठोकाठ भरलं, वर मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीचा वाळ्याचा पडदा काढला, चिंब भिजवला आणि पियानोच्या पोटात कोंबून फळी लावून टाकली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ शिंपडत होतो. माणसाला गार वाटतं, तर पियानोला का नाही वाटणार?

मार्थाबाई वडिलांना घेऊन येत होत्या ती मोटार वाटेत बंद पडली. पोचल्या तेव्हा पाहुण्या पहिल्या खुर्चीत घड्याळ बघत बसलेल्या. पियानो तपासायला वेळच नव्हता. पानं उलटायला मी शेजारी. त्या स्वरलिपीतलं मला ओ की ठो कळत नसे. बाईंनी मान हलवली की उलटायचं.

पहिलं पान छान गेलं. दुसऱ्या पानावर मधली एक पट्टी खाली गेली... आणि वर आलीच नाही. लाकूड फुगलं होतं. बाईंनी एकदाच श्वास ओढला, नाक फुलवलं, आणि ओठ न हलवता विचारलं, “मास्तर, वाळा?”

मी कुजबुजलो, “थांबू या का? मी सांगतो त्यांना...”

“पान उलटा.”

ती पट्टी त्या तुकड्यात सारखी यायची. प्रत्येक वेळी बाई ती दाबायच्या आणि डाव्या अंगठ्याच्या नखानं खालून उचलायच्या; बाकीची नऊ बोटं जणू काही झालंच नाही अशी चाललेली. नखाशी रक्त दिसायला लागलं. अजून सहा पानं होती. मागच्या बाकावरून वडिलांचा खोकला ऐकू आला तरी मी दचकत होतो. पुढे काय वाजलं ते देवाला ठाऊक. मी फक्त तो अंगठा बघत होतो.

टाळ्या थांबल्यावर पाहुण्यांनी विचारलं, “तुमचा डावा अंगठा मध्येच का उडतो?”

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं. “सवय आहे,” म्हणाल्या.

“वाईट सवय. मोडावी लागेल,” पाहुण्या पर्स उचलत म्हणाल्या. “जूनमध्ये या.”

पुढचं वाचकांना माहीत आहे. मैफलीत बसल्यावर बाई आधी डोळे मिटून सगळ्या पट्ट्या, आवाज न होऊ देता, एकेक करून हलकेच दाबत जायच्या. वर्तमानपत्रांत छापून आलं की बाई वाजवण्यापूर्वी मूक प्रार्थना करतात. मी कात्रण पाठवलं, तर उलट टपाली दोन ओळी : ‘छापू दे. तुमचं नाव सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं असतं?’

परवा शोकसभेत त्यांची एक शिष्या वाजवायला बसली. तिनंही डोळे मिटले आणि डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या मुक्यानं दाबत गेली. का, ते तिला ठाऊक नसावं. सभागृहानं माना खाली घातल्या. मीही घातली... आणि ती शेवटच्या पट्टीपर्यंत पोचेतो माझ्यानं वर करवली नाही.